हिराआक्काचा ओटा

परंदवडीत सुहासचं नवं घर उभं राहिलं आणि हिराआक्काला एक काम लागलं. घर दाखवायचं. कुणी सोमाटण्याहून यायचं, कुणी तळेगावाहून, सुहासच्या कंपनीतली माणसं तर बायकापोरांना घेऊन यायची. चहा झाला की सुहास म्हणायचा, "आक्का, दाखव की जरा." मग आक्का खुर्चीची चाकं फिरवत पुढं व्हायची. हा अंगणातला उतार बघा, पायरी कुठंच नाही. हे दार बघा, किती रुंद. ही बटणं बसल्या जागी दाबता येतात. पाहुणे संडासातल्या दांड्यासुद्धा धरून, हलवून बघायचे. दुसऱ्याच्या घरात काय बघावं आणि काय नाही, याला आपल्या लोकांत काही धरबंदच नाही बाई!

सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर. तिथं हिराआक्का दारातच थांबायची आणि म्हणायची, "आन् ह्यो माझा ओटा." खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा, वर काळा ग्रॅनाइट, हाताला येतील अशा ट्रॉल्या. पाहुण्या बाया "अगं बाई" म्हणायच्या. "माझा" हा शब्द काढताना आक्का ओट्याकडं बघायची नाही, पण ते त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. खरी गोष्ट अशी, की घरात राहायला येऊन आठ महिने झाले होते आणि त्या ओट्यावर तिची एक भाकरी धड झाली नव्हती.

हिराआक्काला अडीच वर्षांची असताना पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. तेव्हापासून ती हातांवर चालायची. तळवे जमिनीवर टेकायचे, अंग उचलायचं, पुढं टाकायचं. ऐकायला अवघड वाटतं, पण जुन्या घरात तिला बघितलेल्या माणसाला विचारा. चुलीपासून मोरीपर्यंत ती अशी जायची की उभं माणूस मागं राहील. शहाबादी फरशी वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली, पण हात धरून ठेवणारी. पिठाचे डबे, तेलाची बरणी, विळी, परात, मिसळणाचा डबा, सगळं जमिनीवर, भिंतीच्या कडेनं मांडलेलं. गॅसची शेगडी एका वीतभर उंच दगडावर. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून बावीस वर्षं त्या घरातला स्वयंपाक हिराआक्काचा. डोळे मिटून हात घातला तरी हळदीच्या जागी हळदच लागायची. सुहासचं लग्न झालं, चैताली घरात आली. ती तळेगावच्या शाळेत शिक्षिका. सकाळी सातला घर सोडायची आणि तिचा डबा आक्काच भरायची. चैतालीला भेंडी चालत नाही, सुहासला कालवण पातळ लागतं, हे सगळं आक्काच्या हातात होतं. घर कुणाचं, असं विचारलं असतं तर सगळ्यांनी सुहासचं सांगितलं असतं. पण काय शिजायचं ते हिरा ठरवायची, आणि तेवढ्यानं तिचं भागायचं.

चाकाची खुर्चीही होती तिच्याकडं. एका शिबिरात मिळालेली. ती ओसरीत घडी करून ठेवलेली असायची. बँकेत जायचं, विहारात वंदनेला जायचं, कुणाच्या लग्नाला जायचं, की खुर्ची उघडायची. घरी आलं की ओसरीतच उतरायचं.

आता सुहासचं ऐका. सुहास तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याच्या शाळेत पोरं हातांवर सरपटत त्याच्या बहिणीची नक्कल करायची. एकदा त्यानं एकाचं डोकं फोडलं होतं. गुरुजींनी मारलं, घरी आईनं मारलं, पण का फोडलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. मनात मात्र एक गाठ बांधली. मोठा होईन, नोकरी लागेल, घर बांधीन, आणि माझी बहीण पुन्हा जमिनीवर सरपटताना कुणाला दिसणार नाही. माणसं लहानपणी असलं काहीतरी ठरवतात आणि विसरून जातात. सुहास विसरला नाही. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, आणि अशा भावाला "नको" म्हणायला त्याहून मोठी छाती लागते.

घराचं काम ठरलं तेव्हा सुहासनं लोणावळ्याहून अतुलला बोलावलं. अतुल आतलं काम करणारा, म्हणजे इंटिरियरवाला. मुंबईकरांचे बंगले सजवायचा, पण शिकलेला होता, आणि अपंग माणसाला वापरता येईल असं घर कसं करायचं याचा त्यानं वेगळा अभ्यास केला होता. पोरगा सालस. तो मापं घ्यायला येणार म्हटल्यावर हिराआक्कानं काय करावं? सकाळी आठला मोरपंखी साडी नेसली, अंबाडा घातला, ओसरीतली खुर्ची आत आणायला लावली आणि बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली जाऊन बसली. अतुल अकराला आला. तोवर तीन तास ती खुर्चीतच. परका माणूस, शिकलेला, लोणावळ्याहून आलेला, आणि आपण त्याच्या पायांशी जमिनीवर? छे!

अतुलनं लाल उजेडाच्या यंत्रानं मापं घेतली. खुर्चीत बसल्यावर कोपर किती उंचावर, गुडघा किती, नजर किती. "हिराताई, हात वर करा. आता बाजूला करा. वळून दाखवा." तिनं सगळं केलं. खुर्चीतून. तुम्ही घरात खरंच अशाच वावरता का, हे त्यानं विचारलं नाही, आणि हिनंही सांगितलं नाही. त्याला वाटलं, डोळ्यांसमोर दिसतंय ते काय विचारायचं. हिला वाटलं, एवढा मोठा माणूस, त्याला सगळं कळत असणारच.

घर झालं. खोटं कशाला बोला, पुष्कळ चांगलं झालं. त्या उतारावरून हिराआक्का आयुष्यात पहिल्यांदा कुणाला हाक न मारता रस्त्यापर्यंत गेली. न्हाणीघरातली बैठक आणि दांड्या बघून तर ती दार लावून एकटीच रडली होती, आनंदानं. म्हणून तर तोंड उघडायची चोरी. एवढं सगळं दिल्यावर स्वयंपाकघराचं रडगाणं कोणत्या तोंडानं गायचं?

पण स्वयंपाकघरात सगळंच फसलं होतं. ओटा खुर्चीच्या मापाचा, तीस इंच. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. पातेल्याचा काठ येतो डोळ्यांशी. आत काय शिजतंय ते दिसतच नाही. दुसऱ्याच दिवशी आमटी ढवळताना वाफेनं आणि कडेनं तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. आणि भाकरी? भाकरीला परात खाली लागते हो. पीठ मळताना अंगाचा भार वरून तळव्यात यावा लागतो. इथं परात छातीशी. कोपरं वर करून कुणी पीठ मळलंय? दोन भाकऱ्या फाटल्या, तिसरी तव्यावर टाकायच्या आधीच मांडीवर पडली. खाली उतरून बघितलं तर लादी नवी, आरशासारखी चकचकीत, हात टेकला की घसरायचा. तेवढ्यात चैताली आली आणि घाबरून म्हणाली, "आक्का, खाली कशाला उतरलात? यांनी बघितलं तर किती वाईट वाटेल त्यांना." चैताली वाईट नव्हती. तिनं खरं तेच सांगितलं.

हातावरचे फोड बघून सुहासनं आठवडाभरात नंदाबाईला कामाला लावली. गावातलीच, जुनी ओळखीची, उंचपुरी बाई. "आक्का, बावीस वर्षं केलंस. आता आराम कर," तो म्हणाला. गंमत अशी की नंदाबाईलाही तो ओटा मानवेना. तिच्या उंचीला तो ठेंगणा. दोन वेळचा स्वयंपाक कमरेत वाकून करायची आणि जाताना कंबर धरून म्हणायची, "हिराआक्का, ह्यो वटा न्हाई, शिक्षा हाय. त्यापरीस भातलावनी बरी." म्हणजे बसणाऱ्याला उंच आणि उभ्या राहणाऱ्याला बुटका. एवढी मापं घेऊन केलेला ओटा घरातल्या कुणालाच वापरता येत नव्हता.

हिराआक्का मग बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसायची. हात मांडीवर. टीव्ही चालू. आतून फोडणीचा वास यायचा आणि तिला कळायचं, मोहरी जळाली. सांगायची सोय नव्हती. जेवताना सुहास कालवणात पाणी घालून घ्यायचा आणि काही बोलायचा नाही. वैशाखात विहारात कार्यक्रम झाला, तेव्हा वस्तीतले वयस्कर दत्तोबा माइकवरून म्हणाले, "सुहासनं आपल्या बहिणीला जमिनीवरून उचललं आणि खुर्चीत बसवलं." टाळ्या पडल्या. सुहासनं मान खाली घातली, डोळे पुसले. हिराआक्कानंही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी तिनं मनाशी पक्कं केलं की हे आता आपल्या मरणापर्यंत आपल्यापाशीच राहील. मी जमिनीवर उतरले तर त्याचं नाक कापल्यासारखं होईल. नको गं बाई.

भातकापणी उरकली, तेव्हा एका शनिवारी अतुलचा फोन आला. आंदर मावळातलं एक कुटुंब घर बघायला आणायचं आहे. मुलगा सत्यम, त्याची लोणावळ्यात पर्यटकांची गाडी आहे. कार्ल्याला रस्त्याकडेला नवं घर बांधतोय. त्याची आई झुंबरबाई खुब्याचं हाड मोडून बसली आहे, उभं राहता येत नाही. त्यांना स्वयंपाकघर अगदी हिराताईंसारखं हवंय. सुतार सोमवारपासून काम धरणार. सुहासचा चेहरा असा खुलला की हिराआक्कानं नजर टीव्हीकडं वळवली. "आक्का, बघ," तो म्हणाला, "तुझ्यामुळं आणखी एका बाईचं भलं होतंय."

रविवारी सकाळी ते आले. सत्यम आणि अतुल यांनी झुंबरबाईला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून आत आणलं. काळीसावळी, हडकुळी म्हातारी, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, डोळे मात्र तरतरीत. येताना नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली होती. "मोकळ्या हातानं कसं यावं म्हनलं," ती म्हणाली. हिराआक्कानं मोरपंखी साडी नेसली होती. उतार दाखवला, दारं दाखवली, न्हाणीघर दाखवलं. न्हाणीघर बघून म्हातारी म्हणाली, "ह्ये ब्येस. ह्ये पायजे." मग तिची खुर्ची स्वयंपाकघरात आणून ठेवली. नंदाबाई बाजूला भांडी लावत होती. चैताली चहाचे कप मांडत होती. सुहास दारात मोबाइल धरून उभा, आक्का दाखवते ते टिपायला.

"आन् ह्यो माझा ओटा," हिराआक्का म्हणाली.

झुंबरबाईनं ओटा बघितला. खाली बघितलं, वर बघितलं. मग हळूच विचारलं, "बाय, येक इचारू? रागावू नको."

"इचारा की, मावशी."

"हितं भाकर कशी थापतीस गं तू?"

आठ महिन्यांत पन्नासेक माणसं तो ओटा बघून गेली असतील. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नंदाबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. हिराआक्कानं दाराकडं बघितलं. सुहास मोबाइलमधून तिच्याकडं बघून हसत होता.

"जमतं," ती म्हणाली. "सवय झाली की जमतं."

"आसं व्हय?" म्हातारीचा चेहरा असा उजळला की बघवेना. "आगं, वरीस झालं, खाटंवर पडून हाय मी. सून ताट हातात देती. वंगाळ न्हाई ती, पर ताट हातात घ्यायला लाज वाटती गं. ह्यो म्हनतो, आये, कार्ल्याला घर झालं की तू पुन्ना सैपाक करशील. त्येवढ्या आशेवर हितवर आले बग. मला थापून दाव की येक. मी बी शिकंन."

सत्यम कौतुकानं आईकडं बघत होता. अतुल म्हणाला, "हो, हिराताई, दाखवा ना एकदा." आणि हिराआक्काला ते कार्ल्याचं घर दिसलं. चकचकीत लादी, काळा ग्रॅनाइट, आणि त्याच्यापुढं खुर्चीत बसलेली ही म्हातारी, हात मांडीवर, नाकात जळक्या मोहरीचा वास. आपण गप्प राहिलो ते भावाच्या मायेपोटी. हिनं कुणाच्या मायेपोटी फसायचं? आणि सोमवारी सुतार येणार.

तिनं खुर्चीची खीळ लावली. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केल्या. मोरपंखी साडीचा पदर कमरेला खोचला.

"नंदाबाई, परात द्या. आन् एक पोतं टाका हितं, हात घसरतोय."

"आक्का!" सुहासनं मोबाइल खाली घेतला. "आक्का, काय करतेस? नको. लोक आहेत."

"लोक हायेत म्हणूनच," ती म्हणाली, आणि ओट्याची कड धरून खाली उतरली.

आठ महिन्यांनी बूड जमिनीला टेकलं. पाठ भिंतीला लागली. परात दोन्ही मांड्यांच्या मध्ये आली आणि हात आपोआप पिठात गेला. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, तळव्याचा भार. पीठ नुसतं ऐकत होतं हो! तिनं गोळा केला, परातीत पीठ भुरभुरवलं आणि थापायला लागली. थप थप थप. भाकरी परातीत गोल गोल फिरत मोठी होत गेली, काठाला एक चीर नाही. तिनं ती दोन तळव्यांवर उचलून वर धरली. नंदाबाईनं ओट्यावरच्या तव्यावर टाकली आणि उलटायला वाकताना "आई गं" म्हणून कंबर धरली. बसलेलीचा हात ओट्याला पोचत नव्हता आणि उभ्या असलेलीला वाकावं लागत होतं, हे अतुलला आता समोरच दिसत होतं. त्याचा चेहरा उतरला.

"मला बी खाली घे रं," झुंबरबाई मुलाला म्हणाली. "माज्या खुर्चीत काय ठेवलंय?" सत्यमनं तिला हळूच पोत्यावर बसवलं. एक पाय लांब करून ती हिराच्या शेजारी टेकली आणि परात स्वतःकडं ओढून दुसरा गोळा घेतला. वर्षभरानं तिच्या हातून भाकरी झाली. जरा वाकडीतिकडी झाली. म्हातारी त्या भाकरीकडं बघून तोंडाला पदर लावून रडायला लागली.

सुहास दारातून गेला होता. अंगणात त्याच्या चपलांचा आवाज ऐकू आला.

अतुल खाली बसला. मांडी घालून, लादीवर. त्यानं मान वर केली तर त्याला स्वतःच्या ओट्याची खालची बाजू दिसली. कच्चं प्लायवूड, डिंकाचे ओघळ, सुतारानं पेन्सिलीनं मारलेले आकडे. वरून झळाळणारं काम खालून असं होतं.

"हिराताई, तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं का न्हाई?" ती म्हणाली. मग तिलाच वाटलं, सगळं त्याच्या माथी मारणं बरं नाही. "माझीबी चूक हाय, दादा. तुमी येणार म्हणून मी सकाळपासनं खुर्चीत बसून होते. पाव्हण्यांपुढं खाली कसं बसायचं म्हणून. ती खुर्ची मला चपलेसारखी हाय. रस्त्यावर लागती. चपला घालून कुणी स्वयंपाकघरात हिंडतं का?"

अतुलनं मान हलवली. "मी चपलेसकट माप घेतलं," तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं नाही.

चैताली अजून चहाचे कप धरून उभी होती. तिनं ते ओट्यावर ठेवले. "मीच तुम्हाला खाली बसू नका म्हणाले," ती म्हणाली. "मी विचार केला यांना काय वाटेल याचा. तुम्हाला काय वाटत असेल ते माझ्या मनातच आलं नाही." आक्कानं नंदाबाईच्या हातातली भाजलेली भाकरी घेतली, अर्धी मोडली आणि चैतालीच्या हातात दिली.

सुहास परत आला तो दारातच थांबला. डोळे लाल. घरात पाहुणे आहेत याचंही त्याला भान नव्हतं.

"आठ महिने, आक्का? आठ महिने तू गप्प बसलीस?"

"तू केवढ्या हौसेनं केलंस, सुहास."

"मी ते तुझ्यासाठी केलं. पोरं काय करायची माहीत आहे तुला? शाळेच्या मैदानात हातांवर चालायची, तुझं नाव घेऊन. मी एकाचं डोकं फोडलं होतं."

"माहीत हाय. त्या पोराची आई घरी आली होती भांडायला. तुला मारलं त्या दिवशी मी जेवले नव्हते."

सुहासला हे ठाऊक नव्हतं.

"पण त्ये तुला चिडवायचे, सुहास," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला जमिनीवर कधी लाज वाटली न्हाई. कशाला वाटंल? हितं बसून मी तुला वाढवलं, आईला भरवलं. मला लाज वाटली ती या खुर्चीत बसून, आयतं ताट हातात घेताना. तू मला वर बसवलंस आन् माझे हातच काढून घेतलेस रे. तुला बोलले न्हाई ही माझी चूक. पण आता या मावशीच्या घरी तसंच होऊ द्यायचं?"

तव्यावरची भाकरी फुगली, नंदाबाईनं ती काढली. शेवटी अतुलनंच खिशातून टेप काढली. लाल उजेडाचं यंत्र त्यानं आज बॅगेतून काढलंच नाही.

"असं करू," तो म्हणाला. "या खिडकीखाली एक खालचा कट्टा. वीतभर उंचीचा. शेगडी त्यावर, सिलिंडर बाहेर, पाइप भिंतीतून. डबे ठेवायला खालीच खण. इथली लादी काढून खडबडीत फरशी. आणि हा ओटा नंदामावशींच्या उंचीला उचलू. एकाच घरात दोन उंच्या असल्या म्हणून काय बिघडलं? सत्यमभाऊ, तुमच्या सुताराला मी आजच फोन करतो. सोमवारी थांबू दे त्याला." मग त्यानं इकडंतिकडं बघितलं. "हिराताई, बसल्या जागेवरून तुमचा हात कुठवर पोचतो ते घ्यायचंय. टेपचं हे टोक कुणीतरी खाली धरायला हवं."

सत्यम पुढं होणार तेवढ्यात सुहास खाली बसला. गुडघे टेकवून, आक्काच्या शेजारी, पीठ सांडलेल्या लादीवर. त्यानं टेपचं टोक घेतलं. तिचा तळवा लादीवर होता, टोक त्याखाली धरायचं होतं, म्हणून त्यानं तो हातात घेतला आणि थबकला. लहानपणी त्याच हातानं त्याला आंघोळ घातली होती, तेव्हा तो दगडासारखा टणक लागायचा, पाठीला खरखरायचा. आता हात मऊ पडला होता. घट्टे सगळे गेले होते.

त्यानं अंगठ्यानं तो तळवा चोळून बघितला. "आक्का," तो म्हणाला, "आता पुन्हा हातांवर चालायला लागलीस तर सोलून निघतील हे. फार दुखेल."

"दुखू दे की," हिराआक्का म्हणाली. "तू टेप नीट धर."